हिरव्या नकाशात बाया कुठे आहेत?

शहराचा विकास आराखडा हा विषय निघाला की आपल्या बैठकीत एक विशिष्ट शांतता पसरते. हुंडाबळी, पोटगी, रेशन, दारूचे गुत्ते यांवर तासन्‌तास बोलणाऱ्या आपण 'आरक्षण', 'चटई क्षेत्र', 'हरित पट्टा' हे शब्द ऐकले की गप्प होतो. हे इंजिनिअरांचे काम, फार तर पर्यावरणवाल्यांचे, असे मनात पक्के बसलेले असते. आणि पर्यावरणवाले म्हणजे सकाळी बूट घालून टेकडीवर फिरायला जाणारे लोक, अशी एक टोचणीही त्यात असते. टोचणी अगदी निराधार आहे असे नाही. पण या गप्प बसण्याची किंमत आपल्याच वस्त्यांतल्या बाया भरत आहेत, असे मला वाटते. म्हणून हा विषय पर्यावरणाच्या खात्यातून उचलून स्त्री चळवळीच्या खात्यात आणावा, यासाठी हा लेख. उदाहरण पुण्याचे घेते, कारण ते मला जवळचे आहे. पण ओढा, टेकडी आणि वस्ती हे त्रिकूट नाशिकला, कोल्हापूरला, संभाजीनगरलाही थोड्याफार फरकाने तेच आहे.

टेकडी आणि ओढा काय काम करतात?

नियोजनकारांच्या भाषेत हल्ली 'हरित पायाभूत सुविधा' असा एक शब्द वापरतात. शब्द जड आहे, अर्थ साधा आहे. रस्ते, नळ, गटारे, विजेच्या तारा या शहराच्या पायाभूत सुविधा. त्यांच्यावाचून शहर चालत नाही. तशाच टेकड्या, गवताळ माळ, ओढे, नदीकाठ, तळी, विहिरी आणि झाडे याही शहराच्या पायाभूत सुविधाच आहेत. त्या एकमेकींना जोडलेल्या असल्या तरच काम करतात. जलवाहिनी मध्येच तोडली तर पुढे पाणी जात नाही. टेकडी, ओढा आणि नदी यांचे जाळे मध्येच तोडले तर नको तिथे पाणी येते.

पुणे टेकड्यांच्या कुशीत वसले आहे. पर्वती, वेताळ टेकडी, तळजाई, आणि दक्षिणेला कात्रजचा डोंगर. खाली काळा पत्थर. या खडकाला थर असतात, भेगा असतात. उतारावर गवत, झुडपे आणि माती असेल तर पावसाचे पाणी रेंगाळते, भेगांतून मुरते आणि खालच्या अंगाला विहिरीत किंवा झऱ्यात दिसू लागते. उरलेले पाणी ओढ्याने नदीला जाते. आंबील ओढा, नागझरी, भैरोबा नाला, रामनदी हे सगळे या कामासाठी आहेत. ओढ्याच्या दोन्ही काठांना पसरायला जागा असेल तर पूर येतो आणि पसरून ओसरतो. उतार फोडून इमारती केल्या, माती निघून सिमेंट आले, की तेच पाणी मुरायचे सोडून एकदम खाली धावते. खाली ओढा भराव टाकून अरुंद केलेला असतो. मग ते कुठे जाणार? ज्यांची घरे सगळ्यांत खाली आहेत त्यांच्या चुलीत.

हे शहराला कळत नव्हते असे मुळीच नाही. पेशवाईत आंबील ओढ्याचा प्रवाह पेठांमधून वाहत होता, तो वळवून पश्चिमेला नेला. पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून तळे केले. कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणले. आजची सारसबाग ही त्या तळ्याचीच जमीन. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीही ओढा, तळे आणि हौद हा शहर चालवण्याचा भाग मानला जात होता. हौदावर कोणाला पाणी भरू द्यायचे आणि कोणाला नाही, हे मात्र जात ठरवत होती. हेही विसरायचे नाही. पाण्याची सोय शहाणपणाने केली म्हणजे ती न्यायाने वाटली, असे होत नाही. आपला सवाल तिथूनच सुरू होतो.

एकाच ओढ्याची तीन वर्षे

सिंहगड रस्त्यावर दांडेकर पुलाजवळ आंबील ओढ्याच्या काठी मोठी वस्ती आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून कितीतरी कुटुंबे पुण्यात आली. त्यांत दलित आणि भूमिहीन कुटुंबे फार होती. शहराला त्यांचे हात हवे होते, पण त्यांच्यासाठी शहराने जागा ठेवलेली नव्हती. मग जिथे कोणाला घर नको असते अशा जागा उरल्या. टेकडीचा उतार, कालव्याचा काठ, ओढ्याचा काठ. पुण्यातल्या कितीतरी वस्त्यांचा इतिहास असा आहे.

या दांडेकर पुलाच्या वस्तीचे काय झाले ते पाहा. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दिवसाढवळ्या मुठा उजव्या कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली आणि पाणी या वस्तीत घुसले. घरे पडली, संसार वाहून गेले. साधारण एक वर्षाने, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, कात्रजच्या बाजूला झालेल्या मुसळधार पावसाने आंबील ओढ्याला पूर आला. अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. शहर आणि आसपासचा परिसर मिळून त्या रात्री वीसहून अधिक जणांचा जीव गेला. आणि जून २०२१ मध्ये, भर पावसाळ्यात, करोनाची दुसरी लाट नुकती ओसरत असताना, दांडेकर पुलाजवळच्या घरांवर महापालिकेचे बुलडोझर आले. कारण सांगितले गेले ओढ्याचे पात्र सरळ करण्याचे, म्हणजे पूर येऊ नये याचे. बाया रस्त्यावर उतरल्या. कोर्टाच्या स्थगितीनंतर ती कारवाई थांबली. पण तोवर कितीतरी घरांचे पत्रे खाली आले होते.

पहिल्या वर्षी कालव्याचे पाणी, दुसऱ्या वर्षी ओढ्याचे पाणी, आणि मग पाण्यापासून वाचवण्याच्या नावाखाली बुलडोझर. तिन्ही वेळा घर गेले ते एकाच वर्गाचे. ओढ्याच्या वरच्या अंगाला ज्यांनी डोंगर फोडला, नाल्यावर स्लॅब टाकून वाहनतळ केले, त्यांच्या दारात बुलडोझर गेला का, हा प्रश्न वस्तीतली कोणतीही बाई विचारते. तो पर्यावरणाचा प्रश्न आहे की न्यायाचा? मला तो एकच प्रश्न वाटतो.

ओढा 'सरळ' करण्याबद्दलही थोडे बोलले पाहिजे. वळणे घेत जाणारा ओढा पाण्याचा वेग मोडतो. तो सरळ केला, दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती बांधल्या, की पाणी जास्त वेगाने पुढच्या वस्तीवर जाऊन आदळते. एका वस्तीचे संकट दुसरीकडे ढकलले जाते, एवढेच. पाण्याला रुंदी लागते, काठाला माती लागते. ही गोष्ट गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या बाईला सांगावी लागत नाही.

पूर ओसरल्यावर

पुराच्या बातम्या पाणी ओसरले की संपतात. बायांचे काम तिथून सुरू होते. घरातला गाळ कोण उपसते? भिजलेले अंथरूण, धान्य, मुलांची वह्या-पुस्तके कोण उन्हात घालते? नळाला गढूळ पाणी येते तेव्हा चांगले पाणी कुठून तरी कोण आणते? आजारी पडलेल्या मुलाला दवाखान्याच्या रांगेत घेऊन कोण बसते? या कामाची नोंद कुठल्याही पंचनाम्यात नसते. पंचनाम्यात टीव्ही असतो, कपाट असते.

वस्तीतल्या बहुसंख्य बाया धुणी-भांडी, स्वयंपाक, कचरा वेचणे, भाजी विकणे अशी कामे करतात. चार दिवस कामावर गेले नाही तर काम सुटते. घराचा कागद नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो. मदतीचा धनादेश त्याच्या नावाने निघतो आणि त्यातले घरात किती येतात हे आपल्याला वेगळे सांगायला नको. नवऱ्याने टाकलेल्या, विधवा, भाड्याने राहणाऱ्या बाईचे तर यादीत नावच नसते. शौचालय पाण्याखाली गेले की पुरुष कुठेही जातो. बाई अंधार पडायची वाट पाहते, पाणी कमी पिते. पाळीच्या दिवसांत काय हाल होतात ते कुठल्या अहवालात लिहितात?

म्हणून मी म्हणते की ओढ्याची रुंदी हा आपला प्रश्न आहे. ओढा जितका अरुंद, तितके बाईचे काम जास्त, तितका तिचा रोज बुडतो. टेकडीवर गवत टिकवायचे की बंगले बांधायचे, हा निर्णय खाली ओढ्याकाठच्या बाईच्या अंगणात येऊन पडतो. तिला तो घेताना कोणी विचारलेले नसते.

हिरवळ विरुद्ध वस्ती: हा सापळा ओळखू या

इथे एक अवघड जागा येते आणि ती टाळून चालणार नाही. पर्यावरणाचे काम करणारे काही मित्र म्हणतात, ओढे मोकळे करायचे तर काठावरची वस्ती हलवावीच लागेल. आपल्यातल्या काही जणी म्हणतात, वस्तीला हात लावू देणार नाही, मग ओढ्याचे काहीही होवो. दोन्ही बाजूंना आपापले खरे वाटते. आणि या भांडणात तिसराच जिंकतो. वस्ती हलते, ओढाही मोकळा होत नाही, आणि मध्ये मोकळ्या झालेल्या जागेवर टॉवर उभा राहतो.

माझी भूमिका अशी आहे. जी घरे पुराच्या तोंडाशी आहेत तिथे माणसांनी राहू नये. दर पावसाळ्यात मुलांना उशाशी घेऊन जागत बसणे हा काही हक्क नव्हे, ती सक्ती आहे. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. हा नियम आहे तर तो सर्वांना सारखा लागला पाहिजे. मंगल कार्यालयाला, हॉटेलला, सोसायटीच्या संरक्षक भिंतीला आणि पालिकेच्या स्वतःच्या रस्त्यालाही. सुरुवात पत्र्याच्या घरापासून करायची आणि शेवटही तिथेच करायचा, हे आपण चालू देणार नाही.

आणि वस्ती हलवायची तर कशी? आधी घर, मग पाडापाडी. नवे घर जवळच्या भागात, कारण बाईचे काम, मुलांची शाळा आणि अडीअडचणीला धावणारी शेजारीण ही सगळी तिच्या पायी अंतरावर असते. शहराच्या दुसऱ्या टोकाला सातव्या मजल्यावर घर दिले तर सहा घरची कामे सुटतात. घराचा कागद बाईच्या नावावर, निदान दोघांच्या. एकट्या बाईला वेगळे कुटुंब म्हणून मान्यता. पावसाळ्यात आणि परीक्षेच्या दिवसांत एकाही घराला हात नाही. पुण्यात हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर हजारो कुटुंबे उघड्यावर आली, तेव्हा गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहती शहरातच उभ्या राहिल्या. त्या वेळी जे जमले ते आज का जमू नये? बुडालेल्यांची जात आणि वर्ग बदलला म्हणून?

टेकड्यांचेही असेच आहे. १९९७ मध्ये पुण्यात समाविष्ट झालेल्या गावांमधल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टर जमीन जैववैविध्य उद्यानासाठी राखून ठेवावी, अशी मागणी नागरिकांनी वर्षानुवर्षे लावून धरली. राज्य सरकारने हे आरक्षण २०१५ मध्ये मान्य केले. या लढ्याचे मला कौतुक आहे आणि त्याचा फायदा खालच्या वस्त्यांनाही आहे. पण टेकडी वाचवा म्हणणाऱ्या सभेत टेकडीवरून सरपणाची मोळी आणणारी, शेळ्या चारणारी बाई कधी व्यासपीठावर दिसली का? तिच्याकडे टेकडीचे नुकसान करणारी म्हणून पाहिले जाते. गॅसचे सिलिंडर भरायला पैसे नसतात म्हणून ती जाते, हे कोणी लक्षात घेत नाही. तीच टेकडीची रोजची राखणदार होऊ शकते, हेही नाही.

बाग कोणासाठी?

हिरव्या नकाशाचा दुसरा भाग म्हणजे उद्याने आणि नदीकाठ. इथे 'सुशोभीकरण' हा शब्द राज्य करतो. मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर काठाच्या विकासाच्या प्रकल्पाचे भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. नदीचे पाणी स्वच्छ व्हावे, काठाने चालता यावे, याला कोणाचा विरोध असेल? पण काठ म्हणजे नदीचे अंग. तिथे भराव आणि भिंती घालून फिरायचे रस्ते करायचे, तर पुराचे पाणी कुठे पसरणार? २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले आणि त्याच पहाटे पुलाची वाडी इथे हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन कष्टकरी तरुण गेले. सुशोभीकरणाच्या चित्रात सायकलवाले असतात, कुत्रा फिरवणारे असतात. हातगाडी नसते, धुणे धुणारी बाई नसते, पोर कडेवर घेतलेली कचरावेचक नसते. जी चित्रात नाही तिला उद्या जागेवरूनही काढतात.

उद्यानांचे पाहा. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक उद्याने सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. ही वेळ कोणाच्या सोयीची? सकाळी व्यायाम करणाऱ्यांच्या आणि संध्याकाळी मुलांना फिरवणाऱ्यांच्या. घरकाम करणाऱ्या बाईला सकाळची चार घरे आणि दुपारची दोन घरे यांच्यामध्ये तासभर मिळतो. डबा खायला, पाय पसरायला, लघवीला जायला तिला जागा हवी असते ती बरोबर त्याच वेळी. तेव्हा बागेच्या फाटकाला कुलूप असते. ती कुठल्या तरी जिन्यात, दुकानाच्या पायरीवर बसते. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप करून आपण कामगार आहोत हे शहराला दाखवून दिले. त्या कामगार बायांना दुपारी झाडाखाली बसण्याची जागा आजही या शहरात हक्काने नाही. एवढ्यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही. एक कुलूप उघडावे लागते, एक शौचालय स्वच्छ आणि फुकट ठेवावे लागते.

मुलींचेही तेच. व्हिएन्ना शहरात १९९६ मध्ये पाहणी केली तेव्हा दिसले की नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत येईनाशा होतात. मोठी मोकळी जागा मुलगे खेळायला व्यापतात आणि मुली भांडत बसण्याऐवजी निघून जातात. मग १९९९ मध्ये दोन बागांची नव्याने आखणी केली. मोठ्या मैदानाचे लहान भाग केले, पायवाटा आणि दिवे वाढवले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसाठी जागा केली. मुली परत आल्या. युरोपातल्या श्रीमंत शहराची गोष्ट म्हणून ही सोडून देऊ नका. आपल्या वस्तीजवळच्या मैदानात संध्याकाळी सहा वाजता उभे राहा आणि किती मुली खेळतात ते मोजा. जागेची आखणी कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हे पाहण्यासाठी आर्किटेक्ट असावे लागत नाही. मुंबईच्या तिघींनी, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी, २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात बाईला काही कारण न सांगता सार्वजनिक जागेत रेंगाळण्याचा हक्क आहे असे मांडले. मी त्यात एवढीच भर घालीन की रेंगाळायला आधी जागा शिल्लक राहिली पाहिजे, आणि ती सावलीची असली पाहिजे.

बाई म्हणजे निसर्ग नव्हे

आपण हा विषय हाती घेतला की एक स्तुती सुरू होईल, तिच्यापासून सावध राहू या. 'स्त्री ही निसर्गाच्या जवळ असते, ती पृथ्वीसारखी सोशिक असते, म्हणून झाडे तीच जगवील.' ही भाषा गोड आहे आणि फसवी आहे. बीना अग्रवाल यांनी १९९२ मध्येच या विचाराची चिकित्सा केली होती. बाईचे निसर्गाशी नाते तिच्या गर्भाशयातून येत नाही. ते तिच्या कामातून, तिच्या वर्गातून आणि जातीतून, आणि जमीन तिच्या नावावर आहे की नाही यातून येते. दुष्काळी गावातली पाणी भरणारी बाई आणि टेकडीलगतच्या सोसायटीतली बाई यांचे 'निसर्गाशी नाते' एक नाही.

या स्तुतीचा व्यवहारातला अर्थ असा होतो की वृक्षारोपणाला बायांना बोलवायचे, नऊवारी नेसवून फोटो काढायचे, आणि नंतर रोज पाणी घालायचे काम बचत गटाच्या गळ्यात फुकट मारायचे. हे आपण स्पष्ट नाकारले पाहिजे. शहर हिरवे ठेवणे हे काम आहे आणि कामाला दाम असतो. रोपवाटिका, ओढ्याकाठची लागवड, पालापाचोळ्याचे खत, विहिरींची देखभाल ही सगळी कामे किमान वेतनावर, कंत्राटदाराला मध्ये न घालता, वस्तीतल्या बायांच्या संस्थांना देता येतात. पुण्यात याचा पायंडा आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि त्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. शहराचा कचरा उचलण्याचे काम त्यांनी हक्काने मिळवले. तिथे बहुसंख्य सभासद दलित बाया आहेत. जे कचऱ्याबाबत झाले ते ओढ्याबाबत का होऊ नये?

आता काय करायचे?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा आहे. त्यानुसार शहराचा आराखडा साधारण वीस वर्षांसाठी होतो. आधी जमिनीचा सध्याचा वापर दाखवणारा नकाशा तयार करतात. मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती आणि सूचनांसाठी ठरावीक मुदत देतात. त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मंजूर आराखड्यात कलम ३७ खाली फेरबदल करायचा असला तरी महिनाभराची नोटीस द्यावी लागते. टेकडीचे, बागेचे आरक्षण उठते ते बहुधा याच कलमाखाली, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या बारीक अक्षरांत. आपण ती जाहिरात वाचत नाही. बिल्डर वाचतो.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या काळासाठीचा आराखडा मंजूर व्हायला जानेवारी २०१७ उजाडला. निम्मा काळ तिथेच गेला. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेले सभागृहच नव्हते, सगळे निर्णय प्रशासक घेत होते. २०११ पासून पालिकांत निम्म्या जागा बायांना आहेत म्हणून आपण आनंद मानला, पण सभागृहच नसेल तर त्या जागांचा उपयोग काय? २०२७ जवळ आहे, म्हणजे पुढच्या आराखड्याची वेळ आलीच आहे. त्या मुदतीत आपण जाग्या झालो तर उशीर झालेला असेल. तयारी आधीपासून हवी.

माझ्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत. त्यांवर गटागटांत चर्चा व्हावी.

१. जमिनीच्या वापराचा नकाशा पालिका करते, तसा आपला नकाशा प्रत्येक वस्तीत आपण करू या. बाया पाणी कुठून आणतात, दुपारी कुठे बसतात, शौचाला कुठे जातात, सरपण कुठून आणतात, भाजीची टोपली कुठे मांडतात, पूर कुठवर आला होता. हे जमिनीवर रांगोळीने काढता येते, मग कागदावर उतरवता येते. सुनावणीत हाच कागद पुढे ठेवायचा.

२. ओढ्याला गटार समजणे बंद झाले पाहिजे. सांडपाणी वेगळ्या वाहिनीतून जावे, ओढ्याची मूळ रुंदी आराखड्यात नोंदली जावी, नव्याने भराव आणि स्लॅब टाकण्यास बंदी असावी. अतिक्रमण काढायचे तर यादी सार्वजनिक करून, मोठ्यापासून सुरुवात करून.

३. पुनर्वसन आधी, जवळ, आणि बाईच्या नावाने. पावसाळ्यात पाडापाडी नाही.

४. उद्याने दुपारी उघडी, तिकीट नाही, शौचालय आणि पिण्याचे पाणी आत, दिवे चालू. नव्या बागा आधी दाट वस्त्यांजवळ. ज्यांच्या घराला गच्ची नाही, अंगण नाही, त्यांना बागेची गरज सर्वांत जास्त.

५. हिरव्या कामाला वेतन. श्रमदानाच्या नावाखाली बायांची फुकट राबणूक नाही.

६. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवता येतात. तिथे बाकडी आणि पेव्हर ब्लॉक यांचीच मागणी जास्त जाते. प्रत्येक गटाने निदान एक काम सुचवावे. एखादी विहीर साफ करणे, ओढ्याकाठी दिवा आणि पायवाट, बागेत शौचालय.

पर्यावरणाचे काम करणाऱ्यांशी आपले मतभेद होतील. टेकडी वाचवणाऱ्या संघटनेला आपण विचारू की खालच्या वस्तीच्या घराचे काय. ते आपल्याला विचारतील की ओढ्याचे काय. दोन्ही प्रश्न एका सभेत विचारले जाणे, हेच आजवर झालेले नाही. ती सभा आपण बोलवावी, वस्तीत बोलवावी, आणि पावसाळ्याच्या आधी बोलवावी असे मला वाटते. नकाशा मोठा छापून आणू. पहिली खूण ओढ्याकाठच्या बाईने करावी.